हलतं ते शिल्प, की थांबलेलं?

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की सुमारे 35 किलोमीटरवर घोडेगाव लागतं. नेवासा तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना माहीत असतं ते शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारामुळे, कांद्याच्या लिलावांमुळे आणि शनिशिंगणापूरच्या फाट्यामुळे. शिल्पकलेशी या गावाचं नाव कुणी जोडत नाही. तरी पुढचा वाद इथलाच आहे. मामा हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झाले, शाडूच्या मूर्ती अजूनही स्वतःच्या हाताने करतात. भाची मुंबईला जे. जे.मध्ये शिल्पकला शिकली. हायवेलगत मामांची मोकळी जागा आहे, तिथे तिला एक शिल्प उभं करायचं आहे. चौदा फुटी पाइप, त्यावर पोलादी पत्र्याची तीन लांब पाती, वाऱ्यावर हलणारी. त्यात माणूस नाही, देव नाही, जनावर नाही. मामांचा जागेला नकार नाही, शिल्पाला आहे. दोघांचं बोलणं जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत देतो. मध्ये मी बोललो तर ते माझं मत.

मामा : तुझं चित्र पाहिलं. रेघ चांगली आहे. पण यात शिल्प कुठंय ते मला दाखव. वाऱ्यावर फिरणारं पोलाद बघायचं तर सुप्याजवळ कवड्या डोंगरावर जावं, पवनचक्क्यांची रांग लागलीय. त्यांना कुणी शिल्प म्हणत नाही.

भाची : कारण त्या कामाला लावलेल्या आहेत, मामा. वारा कमी-जास्त झाला तरी वीज नीट निघाली पाहिजे, यातच पवनचक्कीचं सगळं डोकं खर्ची पडतं. वारा वाढला की ती पाती वळवून घेते, फारच झाला तर बंद होते. वाऱ्याची लहर तिला नको असते. मला तीच हवीय.

मामा : लहर बघायला चौदा फुटी पाइप कशाला? बांधावरची बाभूळ आहे की.

भाची : बाभूळ दिसली की आपण बाभूळ बघतो. शेंगा धरल्यात का, फांद्या कुणी तोडल्या, बांध कुणाचा. वस्तूला नाव असलं की डोळा नावापाशी थांबतो. माझ्या पात्याला नावच नाही. म्हणून बघणाऱ्याला हालचालीकडे बघावंच लागेल. हे अमूर्त ठेवलंय ते एवढ्यासाठी, अवघड वाटावं म्हणून नाही.

मामा : इथंच माझं अडतं. शिल्पाचं काम हलवणं नाही, थांबवणं. वेरूळला तुला मीच नेलं होतं. कैलास लेण्यात दक्षिणेच्या अंगाला रावण आठव. खाली अंधारात बसलाय, सगळे हात लावून डोंगर उचलतोय. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, तिची दासी पळत सुटलीय, आणि शंकर निवांत, नुसता पायाचा अंगठा दाबून बसलाय. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात कोरलेला हा दगड. तो तसूभर हललेला नाही आणि तरी डोंगर हलतोय. तिथं कुणी मोटर बसवली असती तर काय उरलं असतं?

भाची : काही उरलं नसतं. तुमच्या बाजूचा आणखी एक साक्षीदार देऊ? अमेरिकेचा अलेक्झांडर काल्डर, वाऱ्यावर हलणाऱ्या शिल्पांचा आद्य माणूस. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर. 1930 मध्ये पॅरिसला तो पीट मोंद्रियान या चित्रकाराच्या स्टुडिओत गेला. भिंतीवर रंगीत चौकोन लावलेले होते. काल्डर म्हणाला, हे चौकोन हलते केले तर मजा येईल. मोंद्रियानने गंभीरपणे सांगितलं की त्याची गरज नाही, माझी चित्रं आधीच पुरेशी वेगवान आहेत.

मामा : मग संपलाच की वाद!

भाची : संपला नाही, सुरू झाला. काल्डर तिथून बाहेर पडला आणि वर्षभरात त्याने हलणारी अमूर्त शिल्पं केली. त्यांना 'मोबाइल' हे नाव 1931 मध्ये मार्सेल द्युशाँने दिलं.

मोंद्रियानच्या उत्तरात मला उद्धटपणा दिसत नाही. चौकोनांमधलं ओढणं-ढकलणं बघणाऱ्याच्या डोळ्यात घडतं, असं त्याला म्हणायचं होतं, आणि मामा वेरुळाबद्दल तेच म्हणत आहेत. दगड थांबलेला असतो तेव्हा बघणाऱ्याचं मन चालू लागतं. हलणाऱ्या शिल्पाला ही बाजू ओलांडून जायचं असेल तर स्थिर शिल्पाला जे कधीच जमणार नाही असं काहीतरी त्याने करून दाखवलं पाहिजे. नुसतं हलून चालणार नाही.

हा काल्डर आपल्याकडेही येऊन गेला. 1955 च्या जानेवारीत गिरा साराभाईंच्या निमंत्रणावरून तो अहमदाबादला आला, त्यांच्याकडेच मुक्काम करून त्याने तिथेच शिल्पं केली. पण हलणारं शिल्प महाराष्ट्राला परकं असल्यासारखं जे बोललं जातं ते मला पटत नाही. भाचीलाही पटलं नाही.

भाची : तुम्हीच मला लहानपणी नगरला गणपतीचे हलते देखावे दाखवायला न्यायचात.

मामा : न्यायचो. तू नृसिंहाला घाबरून रडली होतीस. खांब फुटायचा, नृसिंह बाहेर यायचा, हिरण्यकश्यपू मांडीवर आडवा.

भाची : रडले, आणि मग तुमच्या ओळखीच्या कार्यकर्त्याने मला गप्प करायला पडद्यामागे नेलं. तिथं काय होतं सांगू? प्लायवूडच्या फळीवर गाडीच्या वायपरची मोटर. तिच्या चकतीला कडेला बोल्ट मारून एक पट्टी जोडलेली. चकती गोल फिरायची आणि पट्टीचं दुसरं टोक पुढे-मागे जायचं. त्या टोकाला दुसरी पट्टी, तिला दोरी, दोरी कप्पीवरून वर गेलेली. शेजारी सायकलची चेन, एक मोठं चाक, एक लहान. लहान चाक मोठ्याच्या तिप्पट फिरायचं. दर काही वेळाने सगळे दट्टे एका रेषेत यायचे आणि परत फाटायचे. पुढे लोक नृसिंहाला हात जोडत होते आणि मागे मी ते बघत बसले होते. पुढच्या बाजूची हालचाल गोष्ट सांगत होती. मागची कुणाचीच गोष्ट सांगत नव्हती, आणि मला तीच जास्त सुंदर वाटली. मी जे करते ते तिथून आलंय, पॅरिसहून नाही.

इथे मला थांबून बोलायचं आहे. पुण्या-नगरच्या गणेशोत्सवातले हलते देखावे हे महाराष्ट्रातलं हलत्या शिल्पांचं सर्वांत मोठं प्रदर्शन आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. दहा दिवस, रस्त्यावर, फुकट, आणि शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांसाठी. ते बनवणाऱ्यांना चक्राकार गती सरळ रेषेत कशी आणायची, मान वळताना मध्येच क्षणभर कशी थांबवायची, भरलेल्या हाताचं वजन मोटरवर न टाकता मागे कसं तोलायचं, हे सगळं अवगत असतं. तरी आपल्या कलेच्या पुस्तकांत त्यांच्यासाठी एक पान सापडत नाही. विसर्जन झालं की दट्टे सुटे होतात, मोटर पुढच्या वर्षासाठी पोत्यात जाते, आणि आपण हलत्या शिल्पाचा इतिहास परदेशातून सुरू करतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मामांनी मात्र देखाव्यालाच धरलं.

मामा : तुझा पडदाच तुझ्यावर उलटवतो. ज्ञानेश्वरांनी चालवलेल्या भिंतीचा देखावा आठवतो? चांगदेव वाघावर बसून येतो आणि ही चार भावंडं भिंतीवर बसून सामोरी जातात. पहिल्यांदा भिंत सरकली तेव्हा अंगावर काटा आला. ती मागे आली आणि परत सरकली. तिसऱ्या खेपेला लोक भजी खायला निघाले. चमत्कार दर मिनिटाला होऊ लागला की तो चमत्कार राहत नाही. वेरूळचा रावण मी किती वेळा पाहिला असेल, दर वेळी नवा. तुझ्या मोटरचं दुसऱ्या फेरीतच कळतं की आता काय होणार. मग ते शिल्प कसलं, ते यंत्र.

भाची : हे तुमचं मी निम्मं मान्य करते.

मामा : निम्मंच का?

भाची : कारण तेच ते होणं हाच कधी कधी सांगायचा मुद्दा असतो. मुंबईचे सुदर्शन शेट्टी, आमच्याच जे. जे.चे. त्यांचं 2006 चं एक काम आहे. डायनासोरचा भला मोठा सांगाडा मोटारगाडीशी रत होतोय, यंत्राने, तसाच, पुन्हा पुन्हा. त्याचं नाव 'लव्ह'. त्यात जीव नाही हेच तर बघायचं आहे. फिरून फिरून तेच होतं म्हणूनच ते बघवत नाही. आणि न्यूयॉर्कला 1960 च्या मार्चमध्ये ज्याँ टँगलीने म्युझियमच्या बागेत एक अगडबंब यंत्र उभं केलं, ते अर्ध्या तासाच्या आत स्वतःला मोडून घेऊन संपलं. आग विझवणारे बोलवावे लागले. ते परत होणं शक्यच नव्हतं.

मामा : मोडायलाच करायचं? माझ्या हाताला ते जमणार नाही.

भाची : नका करू. पण नाऊम गाबोची सळई ऐका. रशियात यादवी चालू होती, 1919-20 चा हिवाळा, मॉस्कोत सामान मिळत नव्हतं. त्याने एक सरळ, बारीक पोलादी सळई घेतली आणि तिच्या बुडाशी विजेच्या घंटीची यंत्रणा बसवली. चालू केली की सळई थरथरते. आणि त्या थरथरीत डोळ्याला सळई दिसतच नाही, मधे फुगलेला, वर-खाली निमुळता, काचेसारखा आरपार दिसणारा आकार दिसतो. यंत्रणा बंद केली की आकार गेला, नुसती सळई. आता ती लंडनच्या टेटमध्ये आहे. मामा, त्या आकाराला हात लावता येत नाही, त्याचा साचा काढता येत नाही. तो फक्त हालचालीचा बनलाय. तुम्ही शाडू वापरता, कैलासवाल्यांनी दगड वापरला, गाबोने थरथर वापरली.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतरही त्यांनी गाबोला उत्तर दिलं नाही. मला वाटतं, त्याला उत्तर नाहीच. स्थिर शिल्पाला न जमणारी गोष्ट ती हीच. वेरूळच्या दगडात गती सुचवलेली आहे, गाबोच्या सळईत गती हेच द्रव्य आहे. देखाव्यातल्या भिंतीची गती वरून चढवलेली होती, ती काढून घेतली तरी गोष्ट शिल्लक राहिली असती, म्हणून तिसऱ्या खेपेला लोक उठले. हलत्या शिल्पाची परीक्षा मी तरी अशीच करीन. हालचाल काढून घेतली आणि काही बिघडलं नाही, तर ती हालचाल फुकट गेली.

मामा : बरं. तुझी पाती परत परत तेच करणार नाहीत कशावरून?

भाची : या कागदावर बघा. ही एक दांडी, 30 सेंटिमीटर. एका टोकाला 200 ग्रॅम, दुसऱ्याला 100. कुठे टांगू?

मामा : जड बाजूला सरकून. दहावर.

भाची : बरोबर. 200 गुणिले 10, 100 गुणिले 20. ही दांडी आता एकूण 300 ग्रॅमची झाली. ती दुसऱ्या दांडीच्या टोकाला टांगायची, तिथे पुन्हा तोल काढायचा. अशी रचना खालून वर बांधत जावी लागते. वरून सुरुवात केली तर काय तोलायचं तेच माहीत नसतं.

मामा : आडतीतल्या जुन्या तराजूवर तराजू टांगायचा.

भाची : तसंच. आणि एकाच दांडीचा झोका कुणालाही ओळखता येतो, मीटरभर दोरीचा लंबक जाऊन येऊन दोन सेकंद घेतो, झालं. पण झोक्याला झोका जोडला की हिशोब हाताबाहेर जातो. खालची दांडी वरचीला ओढते, वरची खालचीला फेकते. सुरुवातीला केसभर फरक असला तरी थोड्या वेळात सगळी चाल वेगळी. त्यात वारा कधीच सारखा नसतो. म्हणून मी मोटर घेतली नाही. माझी पाती जॉर्ज रिकी या शिल्पकाराच्या पद्धतीची आहेत. वर लांब निमुळतं पातं, बेअरिंगच्या खाली आखूड टोक, त्यात शिसं. शिसं असं भरायचं की खालची बाजू जेमतेम जड राहील. जितकी जेमतेम, तितकं पातं सावकाश डुलतं. शिसं जास्त झालं तर नुसतं फडफडेल.

मामा : सावकाश हलणार हे चांगलं. मला वाटलं भिरभिरं करतेयस.

हे ऐकून भाचीला जिंकल्यासारखं वाटलं असावं, कारण तिने नको ते उदाहरण काढलं.

भाची : आणि अमूर्त म्हणून लोक नाकं मुरडतील असं म्हणू नका. पाच किलोमीटरवर शिंगणापूरला लाखो लोक ज्याच्यासमोर उभे राहतात त्या शिळेला नाक-डोळे आहेत का? साडेपाच फुटांहून उंच काळा दगड, उघड्या चौथऱ्यावर, वर छप्पर नाही.

मामा : देवाला तुझ्या वादात ओढू नकोस.

भाची : ओढत नाही, मामा. आकाराला चेहरा नसला तरी माणूस त्याच्यासमोर उभा राहू शकतो, एवढंच म्हणते.

मामा : मग पुढचंही ऐक. ती शिळा हलत नाही. ऊन, पाऊस, गर्दी, सगळं तिच्याभोवती हलतं.

भाची : तेल तर तिच्या अंगावरून वाहतं. सकाळच्या उन्हात बघा, वरून ओघळ सुटतो, मधे फुटतो, दोन धारा होतात, खाली परत मिळतात. उजेड त्या धारेबरोबर खाली उतरतो.

मामा : तेच म्हणतो मी. शिळा उभी आहे म्हणून तेलाचं वाहणं दिसतं. नुसतं तेल जमिनीवर ओतलं तर कोण बघेल? नेवाशाला पैसाचा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये गीतेचा अर्थ सांगितला. सातशेहून अधिक वर्षं झाली, प्रवरेला किती पूर आले-गेले, नेवाशाची वस्ती कुठून कुठे सरकली. खांब तिथंच आहे म्हणून आपल्याला काळ सरकलेला कळतो. तुझ्या शिल्पात सगळंच हलतंय. बघणाऱ्याने कशाच्या आधाराने बघायचं?

भाची : पाइप हलत नाही.

मामा : पाइपाकडे तू लक्षच दिलेलं नाहीस. बाजारातून आणला आणि उभा केला. पाती तू घडवलीस, तो नुसता खांब आहे.

पूर्ण वादात मला मामांचं हे बोलणं सर्वांत मोलाचं वाटलं. हलणारी शिल्पं करणारे बहुतेक जण गतीच्या इतके प्रेमात असतात की न हलणारा भाग त्यांच्या लेखी नुसता आधार असतो. शिंगणापूरला शिळेची झीज होऊ नये म्हणून 2025 पासून चांगल्या प्रतीचं तेलच वाहावं असा आग्रह धरला गेला, म्हणजे वाहणारी गोष्ट उभ्या गोष्टीला हळूहळू खातही असते. दोघांचं नातं इतकं जवळचं असताना एकीला घडवायचं आणि दुसरीला बाजारातून आणायचं, हे चालणार नाही.

भाची : खांब बदलते. खाली जाड, वर निमुळता करते. पात्यांच्या रेषेशी बोलला पाहिजे.

मामा : आणि बेअरिंगचं काय? हायवेची धूळ, कांद्याचा पाचोळा, वर पाऊस. तुझं शिल्प दोन वर्षांत जाम होईल. जाम झालेलं हलतं शिल्प माझ्या दारात मला नको. दगडाला तेलपाणी लागत नाही.

भाची : 6205 नंबरचं घेतलंय, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं. इथं कुठल्याही ट्रॅक्टर-स्पेअरच्या दुकानात मिळतं. मुद्दाम परदेशी घेतलं नाही. काढायला दोन पाने लागतील. हायवेवरच्या ज्या वेल्डरच्या ट्रॉलीच्या शेडमध्ये मी काम करतेय तो बदलून देईल. म्युझियमवाल्यांचीही हीच रड आहे, मामा. गाबोची सळई सारखी चालू ठेवत नाहीत, झिजेल म्हणून.

मामा : आणि वळीव आला तर?

भाची : खिट्टी ठेवलीय. पाती खाली ओढून बांधता येतात.

मामा : मग आता माझा शेवटचा प्रश्न. वारा पडला की काय?

भाची : म्हणजे?

मामा : चैत्रातल्या दुपारी इथं पानसुद्धा हलत नाही. तेव्हा ती तीन पाती कुठं थांबतील? तू हलताना कसं दिसेल याचाच विचार केलायस. थांबल्यावर एकमेकांशी कसली रचना होते ते पाहिलंस? तो माझा विषय आहे. आण तो पुठ्ठा.

मग दोघांनी पुठ्ठ्याची पाती कापली, टाचणीवर टांगली, आणि पंखा बंद करून ती थांबेपर्यंत बघितली. पुन्हा हलवली, पुन्हा थांबू दिली. मामा दर वेळी कागदावर तीन रेघा ओढत गेले.

मामा : तिसरं पातं रुंद आहे. थांबलं की बाकीच्या दोघांना झाकतं. दोन इंच काढ.

भाची : काढलं तर वरची बाजू हलकी होईल. शिसं कमी करावं लागेल, पुन्हा सगळा तोल.

मामा : मग पुन्हा कर. खालून वर, तूच म्हणालीस. आणि रंग कुठला?

भाची : रंग नाही. नुसतं स्टेनलेस.

मामा : आरशासारखं? संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की चमक थेट गाडीवाल्यांच्या डोळ्यांत जाईल. पॉलिश करू नकोस, घासून घे. बारीक चरे असले की उजेड फुटतो, एका जागी साठत नाही.

भाची : घासून घेते. पण कुठल्या दिशेने घासायचं ते मी ठरवणार.